आडवी पाडलेली फियाट

आमच्या दारात मोटार आली ती स्वतःच्या चाकांवर नाही, टेम्पोच्या पाठीवर बसून आली. दौंडला एका बंगल्याच्या मागच्या पडवीत ती कैक वर्षं धूळ खात पडली होती. बंगल्यातला म्हातारा वारला, लेक परदेशात. तिनं घर रिकामं करायला काढलं आणि हे लोढणं माझ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधलं. लोढणं हा माझा शब्द. त्याच्या लेखी ती लक्ष्मी होती.

नवऱ्याचं नाव गोकुळ. मी नाव घेते, ज्याला नाक मुरडायचंय त्यानं खुशाल मुरडावं. शिक्रापूरच्या एका कारखान्यात तो वेल्डर होता, गाड्यांचे पत्रे जोडायचा. तिकडं चौघांत मिळून एक खोली, आणि सुट्टीच्या दिवशी न्हावऱ्यावरून मोटारसायकल हाणत वरवंडला, आमच्या वस्तीवर. आठवडाभर पत्र्यांना चटके देऊन याचं मन कसं भरत नाही, हे मला कधी कळलं नाही.

"रुपे, डुक्कर फियाट हाय ही," तो म्हणाला. "असली गाडी आता बघायला मिळत न्हाई."

"नावातच डुक्कर हाय, मग उकिरडा सोडून कुठं मिळंल?" मी म्हणाले.

तो हसला. त्याला त्या दिवशी काहीही बोललं तरी गोडच लागत होतं. वस्तीवरची पोरं जमली होती, त्यांना त्यानं पुढचं दार उघडून दाखवलं. आपल्या जीपगाड्यांची दारं पुढं उघडतात, हिचं मागं उघडायचं. बिजागऱ्या उलट्या बाजूला. पोरांनी उघड-झाक करून त्या दाराचा जीव काढला. गाडी एके काळी पांढरी असावी. आता ती भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी झाली होती, जागोजागी करपलेली.

सासूबाई तेव्हा रानात होत्या. त्या आल्या, गाडीकडं एकदा बघितलं आणि "कोंबड्यांला बरी जागा झाली," एवढं बोलून आत गेल्या. नंतर किती दिवस त्यांनी तिकडं ढुंकूनही बघितलं नाही.

पण एक माणूस बघत होता. आमच्या अंगणाच्या पलीकडं, कांद्याच्या बांधावर आप्पा उभे होते. पोरं दार उघडत होती, झाकत होती आणि आप्पा काठीवर हनुवटी टेकून ते बघत होते. मी हात केला. ते वळले आणि आपल्या खोपीत गेले. त्या दिवशीची भाकरी त्यांनी तशीच ठेवली होती, दुसऱ्या दिवशी मी ती वाळलेली परत आणली.

आप्पा म्हणजे म्हस्कू, माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते त्या खोपीत राहत होते आणि माझा नवरा रांगत होता तेव्हापासूनही तिथंच. घरापासून हाकेच्या अंतरावर. पण आमच्या अंगणात त्यांनी पाय ठेवायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा. "आन् मेला तरी आमचा खांदा न्हाई," हे त्यातलंच पुढचं कलम. माझ्या सासूबाई झुंबरबाई. त्यांचा शब्द मोडायची या घरात कुणाची टाप नव्हती. गोकुळची तर नव्हतीच.

यामागची हकिकत मला हळद लागायच्या आधीच ऐकवली गेली होती, म्हणजे पुढं कुणाला भाकरी वाढायची आणि कुणाला नाही ते नीट कळावं.

तेव्हा आमच्या घरात शेती नव्हती, मेंढरं होती. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परत यायचं. त्या साली परत येताना भांडगावच्या पुढं, घर एका मुक्कामावर राहिलेलं असताना, दिवेलागणीला रस्त्यावर अपघात झाला. सासूबाई घोडी, बाडबिस्तरा आणि दोन्ही लेकरं घेऊन पुढं मुक्कामाची जागा धरायला गेल्या होत्या. मागं मेंढरांबरोबर सासरे हौसराव आणि आप्पा. सासरे जागीच गेले. सात-आठ मेंढरं गेली आणि सगळ्यांच्या पुढं चालणारा एडकाही गेला.

त्या एडक्याच्या गळ्यात पितळी घंटी असायची. अंधार पडला की सगळा कळप तिच्या आवाजामागं चालतो. रस्त्यावर असताना ती घंटी काढायची नाही, काढली तर कळपाचे डोळे काढल्यासारखं. एडका मेला तरच ती उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची. आणि मेलेल्या एडक्याच्या गळ्यात घंटी नव्हती. रस्त्यावर नव्हती, चरात नव्हती, कुठंच नव्हती.

आप्पांना तेव्हा अधूनमधून घोट घ्यायची सवय होती. झालं. म्हस्कूनं घंटी दारूपायी विकली, घंटीवाचून कळप बुजला, रस्त्यावर पसरला, तो आवरायला हौसराव धावला आणि ट्रकखाली सापडला, असा हिशेब पाहुण्यारावळ्यांनी बसून लावला. आप्पा सांगत राहिले की मेंढरं रस्त्याच्या खाली उभी होती, घंटी एडक्याच्या गळ्यात होती, पांढरी मोटार रस्ता सोडून अंगावर आली. कुणी ऐकलं नाही. शेवटी त्यांना खंडोबाची शपथ म्हणून बेलभंडार उचलायला लावला. आप्पांनी उचलला. घंटी मी विकली नाही, म्हणाले.

आणि महिनाही झाला नाही तोच सासूबाईंची थोरली लेक तापानं फणफणली. सुंदा तिचं नाव. भंडारा उचलून खोटं बोलला, आता देव घराला धरणार, असं जो तो बोलायला लागला. मग आप्पा कबूल झाले. होय, विकली म्हणाले. पण उशीर झाला होता. पोर गेली.

अशी ही हकिकत. मीही ती खरीच मानली होती, का नाही मानणार? माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल झाला होता. फक्त मला राग यायचा तो एवढाच, की एका घंटीपायी किती वर्षं? खुनी माणूससुद्धा येरवड्यातून सुटून घरी येतो. आप्पांची सुटका नव्हती. भाकरी न्यायचं काम माझ्याकडं आलं तशी मी त्यावर गपचूप तुपाचं बोट फिरवायला लागले. सासूबाईंना ते दिसायचं. त्या बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी ताटं आपटायच्या.

त्या उन्हाळ्यात आप्पांचा खोकला वाढला होता. खोपीचं छप्पर चाळण झालं होतं. मी गोकुळच्या मागं लागले.

"पावसाच्या आत त्यांला ओसरीवर आणा. त्या खोपीत म्हातारा मरंल."

"आईला कोण सांगनार?"

"तुम्ही. मी ल्योक हाय का तिचा?"

"गाडीचं काम तेवढं हुं दे, मग बघू," तो म्हणाला. सगळ्यावर त्याचं उत्तर ते एकच.

गाडीचं काम म्हणजे तिचं पोट. वरून ती बरी दिसत होती, पण खालचा पत्रा गंजून पापड झाला होता. गोकुळ ऐटीत आत बसायला गेला आणि त्याचा पाय बुडातून थेट आमच्या अंगणात आला. मी म्हणाले, झकास, इंजिनाची गरजच नाही, बसायचं आणि पायांनी पळायचं. त्याचं तोंड एवढंसं झालं. खाली उताणं झोपून वेल्डिंग केलं तर ठिणग्या मानेवर आणि डोळ्यांत पडतात. म्हणून त्यानं ठरवलं की गाडीच कुशीवर आडवी करायची.

त्यानं बोअरच्या जुन्या पाइपाच्या दोन मोठ्या चंद्रकोरी वाकवून आणल्या. एका अंगाची दोन्ही चाकं काढून तिथं त्या बोल्टांनी आवळल्या. इंजिन आधीच बाहेर निघालं होतं. पेट्रोलची टाकी, बॅटरी, काचा, बाकं, सगळं उतरवलं. दारं झुलू नयेत म्हणून दोरानं करकचून बांधली. दुसऱ्या अंगानं जॅक लावून उचलायचं आणि दोरांनी ओढायचं, की गाडी त्या कोरींवर पाळण्यासारखी कलणार, मग लाकडी टेकू द्यायचे. दोर आमच्याच घरातले, मेंढरांच्या काळातले. मी नारळ फोडला. सासूबाई ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

वस्तीवरचे सहा-सात जण ओढायला आले होते. गाडी हलली, कुरकुरली आणि हळूहळू खरंच कलायला लागली. एक जण म्हणाला, "कातरायला मेंढरू पाडत्यात तसंच हाय की!" सगळे हसले. आता आमच्यात मेंढरू पाडायचं कुणाला येतंय, म्हणा. सगळे कांदेवाले आणि कारखानेवाले.

गाडी अर्धी उभी झाल्यावर गोकुळ टेकू लावायला तिच्या पोटाखाली शिरला. नेमकी मागची कोर होती मोरीच्या पाण्यानं भिजणाऱ्या जागी. वरून ती जमीन कडक, आत लोणी. ती भसकन खचली. गाडीनं गिरकी घेतली, दोर ओढणाऱ्यांच्या हातांची सालटं निघाली, दोन जणांनी दोर सोडला आणि गाडी परत खाली यायला लागली. गोकुळ खालीच होता. मी ओरडले की नुसतं तोंड उघडलं, आता आठवत नाही.

आप्पा कुठून आले ते कुणी बघितलं नाही. बांधावरून धावत आले असणार. त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यानं गाडीच्या कडेखाली खांदा घातला आणि पाय रोवून उभा राहिला. माणसं भानावर आली, दोर पुन्हा धरले, गोकुळनं टेकू ठोकला आणि सरपटत बाहेर आला. हे सगळं घडायला तोंडातला घास गिळायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल. आप्पा खांदा काढून खाली बसले. त्यांच्या ओठाच्या कडेला रक्त होतं.

ओसरीवरून आवाज आला. "अंगनात पाय कुनाच्या हुकमानं ठिवलास?"

मी आयुष्यात तेवढी कधी चिडले नव्हते. "आत्याबाई," मी म्हणाले, "त्यो पाय पडला नसता तर तुमचा ल्योक आत्ता चपटा झाला आसता!"

 सासूबाईंचे हात शेंगांच्या टोपलीत तसेच राहिले होते. आप्पाच उठले. काठी शोधली, कुणाचा हात धरला नाही आणि बरगडी दाबत बांधाकडं चालायला लागले. गोकुळ, माझा शूर नवरा, मातीनं भरलेला उभा होता. त्यानं तोंड उघडून एक शब्द काढला नाही. मला त्याची लाज वाटली, आणि तो जिवंत आहे म्हणून मी देवाचे आभारही मानत होते. दोन्ही एकदमच.

गावातून डॉक्टर आणला. त्यानं खोपीत वाकून शिरत आप्पांना तपासलं, छातीला पट्टा बांधला. बरगड्या मोडल्यात, छातीत पाणी होतंय, यांना कोरड्या जागी घरात झोपवा, म्हणाला.

"कुठल्या घरात?" मी विचारलं. त्याला कळलं नाही. तो बिचारा नवा होता.

त्या रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. हात जोडले, आवाज चढवला, रडले सुद्धा. ओसरीचा एक कोपरा मागत होते मी, बाकी काही नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या पोरीचा जीव घेनारा मानूस माझ्या छपराखाली मरनार न्हाई. तुला लई पुळका आसंल तर तू जा तिकडं." मग त्या अंथरुणावर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडल्या. गोकुळ दुसऱ्या दिवशी पहाटे ड्यूटीला निघून गेला.

आप्पा आठवडाभरात अंगानं उतरले. बाजेवर बसवून मी त्यांना पेज पाजायचे. "पोरगं वाचलं न्हवं?" एवढंच विचारायचे. रोज विचारायचे.

पुढच्या सुट्टीला गोकुळ आला आणि न बोलता गाडीच्या पोटापुढं बसला. आडवी केलेली गाडी बघवत नाही. सगळा नट्टापट्टा वरच्या अंगाला आणि खाली ही काळी, चिखलाची, खपल्या धरलेली बाजू. म्हाताऱ्या मालकानं गंज लागू नये म्हणून तिला वर्षानुवर्षं डांबर फासलं होतं, थरावर थर. ते सगळं खरवडून पत्रा उघडा केल्याशिवाय वेल्डिंग होत नाही. त्याच्याकडं तारेचा ब्रश होता. मी माझं खुरपं घेतलं. खुरपायचं म्हटलं की बाईच लागते, मग वाफा असो नाहीतर गाडी. आणि मला त्याच्याशी बोलायचं होतं, हात चालू असले की तो ऐकतो.

"आज आईला सांगा," मी म्हणाले. "तुमच्यासाठी मरतोय म्हातारा."

तो ब्रश घासत राहिला.

पुढच्या दोन चाकांच्या मधे एक आडवी जाड पट्टी असते, तिच्या वरच्या खोबणीत डांबराचा एक गोळा साठला होता. मूठभर. मी खुरप्याचं टोक घालून तो उचकटायला लागले. टोक आत रुतलं आणि टणकन वाजलं. दगड असेल म्हणून मी जोर लावला. गोळा सुटून मातीत पडला. फोडला तर आत पितळ.

"कुठल्या बैलाची घंटी ही, तुमच्या लक्ष्मीच्या पोटात?" मी विचारलं.

"टाक तिकडं," गोकुळ म्हणाला. त्यानं मान वळवून बघितलंही नाही.

मी टाकली नाही. पितळ कोण टाकतं? डबड्यातल्या रॉकेलमध्ये बुडवली, चिंधीनं पुसली, आतलं डांबर काडीनं टोकरलं. आत लोळीच्या, वाजणाऱ्या लोलकाच्या जागी कुणीतरी खिळा वाकवून अडकवला होता. रॉकेल निथळावं म्हणून मी घंटी झटकली. खिळ्यामुळं आवाज घंटीसारखा येत नव्हता. टक-टक, टक-टक, असा बसका.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. सासूबाई दारात आल्या, कोपरापर्यंत पिठाचे हात.

"पुन्हा हालीव," त्या म्हणाल्या.

मी हलवली. त्या पायऱ्या उतरून आल्या, घंटी माझ्या हातातून घेतली आणि उलटी करून आत बघितलं. आत बोट घालून खिळा चाचपला.

"घोडीच्या नालंचा खिळा हाय," त्या म्हणाल्या. "लोळी पडली तवा तुझ्या सासऱ्यानं बशीवला. कोकनात. म्या म्हनलं, नवी आना, तर म्हनले, आवाज कळपाला कळतोय न्हवं? मग झालं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुठं घावली?"

मी खुरप्यानं दाखवलं.

गोकुळ आता उभा राहिला होता. "आई, दुसरी आसंल कुनाची तरी," तो म्हणाला. त्याचा त्याच्यावरच विश्वास नव्हता.

सासूबाई गाडीजवळ गेल्या. कललेल्या गाडीचं वरच्या अंगाचं दार दोरानं बांधलेलं होतं.

"ह्ये दार उघड."

"आई..."

"उघड म्हनते न्हवं!"

गोकुळनं दोर सोडला, स्टुलावर चढून मूठ ओढली. दार उघडलं ते मागं, उलटं. सासूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

"म्हनला व्हता त्यो," त्या म्हणाल्या. "गाडी म्होरं जाऊन थांबली, मानसानं दार उलटं उघडून मागं बघितलं, आन् गेला, आसं म्हनला व्हता. समदी हासली. दार कुठं उलटं आसतंय? म्या बी म्हनलं, ह्येलाच उलटं दिसलं आसंल."

 मला दौंडचा तो बंगला आठवला. टेम्पोत गाडी चढवायला मीही गेले होते. बंगल्यापुढं जास्वंद होती, झोपाळा होता. माणूस चिरडून तो म्हातारा तिथं इतकी वर्षं झोके घेत बसला आणि दर साली गाडीला डांबर फासत राहिला. त्याच्या चहाच्या कपात कधी माशीही पडली नसेल. भोगलं कुणी, तर आमच्या आप्पांनी. माझ्या अंगाची लाही झाली.

"बघा!" मी म्हणाले. "आता तरी त्यांला घरात आना. घंटी त्यांनी इकली न्हवती. भंडारा उचलून ते खरंच बोलले व्हते!"

सासूबाई माझ्याकडं वळल्या. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता.

"मंग माझी सुंदा कशानं गेली?" त्यांनी विचारलं.

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं, असं सासरी-माहेरी सगळे म्हणतात. मी हातातलं खुरपं पुसत राहिले.

त्या घंटी घेऊन चालायला लागल्या. हाताला पीठ तसंच. बांध चढल्या. तो बांध त्या चढताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी मागोमाग गेले. गोकुळ आला नाही.

खोपीत आप्पा बाजेवर टेकून बसले होते. आडवं झालं की त्यांना श्वास घेता येत नव्हता. दारात सासूबाईंना बघून त्यांनी उठायची धडपड केली, पण जमलं नाही. सासूबाई वाकून आत गेल्या आणि त्यांच्या हातात घंटी ठेवली.

आप्पांनी ती उलटी केली. त्यांनीही आधी आतच बोट घातलं.

"दादानं वाकीवला व्हता," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या गाडीत व्हय? मला दार बघूनच वाटलं व्हतं."

"वाटलं व्हतं तर बोलला का न्हाईस?"

आप्पा घंटीवरचं डांबर नखानं खरवडत राहिले.

"आन् तवा? इकली म्हनून कबूल का झालास? इकली न्हवतीस तर का म्हनलास इकली?"

आप्पांना धाप लागली. मी पाणी दिलं. ते घोटभर प्याले आणि सासूबाईंकडं न बघता, घंटीकडं बघत बोलायला लागले.

"पोरगीला दौंडच्या दवाखान्यात न्यायला निघालो व्हतो, वैनी. बैलगाडी मागून आनली व्हती. तू, मी आन् पोरगी. पाटस मागं पडल्याव तिनं डोळं पांढरं केलं. तू म्हनलीस, म्हस्कू, देवानं धरलीया तिला, तुझ्या खोट्यापायी. खरं बोल, त्यो सोडंल. म्या म्हनलं, खरं त्येच बोललोय. तू माझ्या पायावं डोकं ठिवलंस." ते थांबले. "तू माझी थोरली भावजय. तू माझ्या पायावं डोकं ठिवलंस. म्हनलं, पोरगी वाचत आसंल तर इकली म्हनायला माझं काय जातंय? म्हनलो, इकली."

सासूबाई बाजेच्या कडेला हात टेकून उभ्या होत्या.

"तू लई खूश झालीस," आप्पा म्हणाले. "पोरगीला बी जरा घाम आला, डोळं उघडलं. म्हनलीस, बघ, सोडली देवानं. आता डाक्टर कशाला, देवाला जाऊ, भंडारा वाहू. आन् गाडी मागं फिरली. दौंड दिसत व्हतं म्हन की, एवढंच ऱ्हायलं व्हतं. दुसऱ्या दिशी पोरगी गेली." त्यांनी घंटी बाजेवर ठेवली. "घंटीपायी न्हाई मी हितं ऱ्हायलो, वैनी. घंटीचं मला ठावं व्हतं आन् खंडोबाला ठावं व्हतं. भंडारा उचलून खरं बोललो, त्येचं काय न्हाई. त्या बैलगाडीत खोटं बोललो. म्या खोटं बोललो नसतो तर गाडी दौंडला गेली आसती. तुझी पोर माझ्या खोट्यानंच गेली. तुझं काय चुकलं न्हाई."

मी दाराच्या खांबाला धरून उभी होते. मला वाटलं आता सासूबाई रडतील, नाहीतर आप्पांच्या पाया पडतील, नाहीतर म्हणतील चला घरी. यातलं काहीच झालं नाही. त्या खाली बसल्या, सारवण उडालेल्या जमिनीवर.

"कासरा तुझ्या हातात व्हता, म्हस्कू," त्या म्हणाल्या. "तू म्हनत व्हतास, वैनी, दवाखाना करून माघारी फिरू. आठवतंय मला. कासरा म्या तुझ्या हातातनं वढून घेतला. बैलं म्या वळीवली."

आप्पांनी मान फिरवली. त्यांना ते आठवत होतं, हे मला दिसलं. इतकी वर्षं आठवत होतं आणि कबुली देतानाही त्यांनी ते गाळलं होतं.

संध्याकाळी गोकुळ आला. बाज उचलायला दोन माणसं घेऊन आला होता. "आप्पा, घरी चला," म्हणाला, आणि ढसाढसा रडला. इतक्या वर्षांत त्यानं त्यांना पहिल्यांदा हाक मारली होती. आप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. नको म्हणाले. हितंच बरा हाय. मग गोकुळ आईकडं वळला. "आई, तू तरी ऊठ. दिवा लावायचाय घरात."

"तू लाव," सासूबाई म्हणाल्या. "म्या हितंच हाय."

आम्हांला वाटलं, एका रात्रीचं असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून त्यांचं अंथरूण मागवलं. तिसऱ्या दिवशी छपरावर घालायला ताडपत्री मागवली. मी मात्र गप्प बसले नाही. वस्तीवर घरोघर गेले, घंटी दाखवली, खिळा दाखवला, घडलं ते सांगितलं. काही जण चुकचुकले. काही जण म्हणाले, आता काय उपयोग. ज्यांनी बसून हिशेब लावला होता आणि बेलभंडार उचलायला लावला होता, ते केव्हाच मरून गेले होते. त्यांच्या नावानं मी दोन शिव्या घातल्या आणि परत आले.

गाडी आहे तशीच आहे. गोकुळनं तिला पुन्हा हात लावला नाही. ना आडवी, ना उभी, अर्धी कललेली, टेकूंवर. त्या उघड्या दारातून कोंबड्या आत जातात.

आप्पा दसऱ्याच्या आधी गेले. खांदा गोकुळनं दिला, पहिला. सासूबाई खोपीच्या दारातून बघत होत्या. सगळं आटोपल्यावर मी त्यांना आणायला गेले, बोलले, भांडले, पदर पसरला. त्यांनी ऐकलं नाही. अंगणात पाय ठेवायचा नाही, हा कायदा त्यांनीच केलेला, आणि त्यांचा शब्द मोडायची या घरात कुणाची टाप नाही.

आधी मी बांधावर एकाची भाकरी नेत होते, मग काही महिने दोघांची नेली. आता पुन्हा एकीची नेते.